घरगाडीचे शॉकप

मेस्तरी गाडीच्या मागच्या बंपरवर चढला, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि जोरजोरात उड्या मारू लागला. असं केल्यावर गाडी किती वेळ डोलत राहते ते बघायचं असतं. जीपवर ही परीक्षा चालते. आमची गाडी म्हणजे बसच्या चेसीवर बांधलेलं अख्खं घर. ती तसूभरही हलली नाही. हलला तो मेस्तरी. तरी खाली उतरून, धापा टाकतच त्याने निकाल दिला, "शॉकप गेलेत."

"कशावरून?" मी विचारलं.

"ताई, एवढ्या उड्या मारल्या, काहीच जाणवलं नाही."

"मग चांगलेच आहेत म्हणा ना!"

मेस्तरीने माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. शिकलेल्या बायकांशी बोलायची त्याची ही रीत आहे. माझा नवराही लगेच गाडीखाली वाकून बघू लागला, कारण शॉकप गेलेत असंच कुणीतरी म्हणावं ही त्याची इच्छा होती.

शॉकप म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर. चाकाजवळ एक जाडसर नळी असते, तिच्या आत तेल असतं. खड्ड्यात चाक गेलं की वजन झेलतात ते लोखंडी पाटे, आणि नंतर गाडी जी वरखाली नाचते तो नाच जिरवतो शॉकप. मेस्तरीकडे आमच्यासाठी दोन रस्ते होते. एक म्हणजे होते तसलेच साधे शॉकप पुन्हा घालायचे. दुसरा म्हणजे नाशिकहून गॅस भरलेले, मनगटाएवढ्या दांड्याचे, भारीतले मागवायचे.

"ते घाला," मेस्तरी म्हणाला, "मग सूर्यमाळचा घाट म्हणजे मख्खन. हातातला चहा हिंदकळणार नाही."

नवऱ्याच्या तोंडावर ते मख्खन तिथेच पसरलं.

ही गाडी पूर्वी मुंबईत व्हॅनिटी व्हॅन होती. शूटिंगच्या ठिकाणी नट-नट्या जिच्यात बसून तोंडं रंगवतात, ती. माझ्या नवऱ्याने बरीच वर्षं असल्या गाड्या चालवल्या. तो मूळचा साखरशेतचा, मी जामसरची. मुंबई सोडून गावाकडेच काहीतरी करू असं ठरलं तेव्हा मालकाने मोडीत काढायला ठेवलेली ही गाडी त्याने घेतली. आम्ही तिच्यात पलंग बसवले, ओटा बसवला, संडास-न्हाणी दुरुस्त केली. आता पावसाळ्यात आणि थंडीत मुंबई-नाशिकची कुटुंबं आमच्याकडे येतात. त्यांना घेऊन आम्ही जव्हार, मोखाडा, खोडाळा असं फिरतो, कुठे धबधब्याजवळ, कुठे डोंगरावर मुक्काम करतो. मी नागलीची भाकरी आणि उडदाचं डांगर करून घालते. लोक बोटं चाटतात. आमच्या भागात गाडीला सगळे घरगाडी म्हणतात, आणि मला घरगाडीवाली.

मी बी.एस्सी. आहे. हे सांगायची गरज नव्हती, पण मी सांगते. आमच्या पाड्यातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी हातात घेऊन उतरलेलीही पहिली. कुणाला मोठेपणा वाटला तर वाटो. बा गेला तेव्हा माझा पदवीचा फोटो देवाच्या शेजारी टांगलेला होता, आणि अगरबत्ती तो शेवटपर्यंत दोघांनाही सारखीच ओवाळायचा. नवऱ्याला माझी गंमत करायची असली की तो मला "बी.एस्सी. बाई" म्हणतो. शॉकपच्या दिवसांत तो मला रोज तसंच म्हणत होता.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडी डोलत होती. पावसाळ्यात, थंडीत पाहुणे असताना ती शहाण्यासारखी चालायची. उन्हाळा लागला की घाटाच्या वळणावर तिच्या अंगात यायचं. नवऱ्याच्या मते उन्हाने शॉकपमधलं तेल पातळ व्हायचं. मला ते पटत नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. आणि आमच्या गाठीला त्या उन्हाळ्यात एकच मोठं काम करण्यापुरती सोय होती. भारीतले शॉकप घ्यायचे, नाहीतर पाऊस पडायच्या आत गाडीचं गळकं छप्पर पत्रा बदलून घ्यायचं. छप्पर तसंच ठेवलं तर पावसाळ्यात पाहुण्यांच्या अंथरुणात बादली ठेवावी लागली असती.

तरीही मी सरळ "छप्पर" म्हणू शकत नव्हते, कारण मधे माझी आय होती.

आयचं माहेर सूर्यमाळचं. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, तिथल्याच पाड्यात दिलेली. मावशीच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. त्या घरात मावशीच्या पोरांना, पोरींना, सगळ्यांना पहिली हळद आयच्या हातची लागली होती. आता नातीला कोण लावणार हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता आय तिथवर जाणार कशी. तिला गाडी लागते. साधी नाही लागत. जीपचा धूर लांबून दिसला तरी तिच्या तोंडाला पाणी सुटतं. पूर्वी ती खोडाळ्यापर्यंत एसटीत डोळे मिटून, तोंडात चिंच धरून बसायची आणि तिथून घाट पायी चढायची. आता गुडघे गेले. पायी घाट संपला. आणि गाडीने घाट ती चढू शकत नव्हती. दोघी बहिणींची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती. फोन होता, पण मावशीच्या पाड्यावर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं आणि तिथे वारा इतका की आयला ऐकू यायचा तो वाराच.

आयला घरगाडी आवडायची. तिच्या मते ही गाडी नव्हतीच, घर होतं, आणि घर कुणाला लागत नाही. आत मागच्या पलंगासमोर जुना आरसा आम्ही तसाच ठेवलाय, चारी बाजूंनी दिवे असलेला. पहिल्यांदा तो पेटवला तेव्हा आय त्यासमोर बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "इतक्या उजेडात तोंड बघायला तोंडही तसा पायजे. बंद कर, सुरकुत्या मोजाया लागल्या."

शिमगा झाल्यावर लग्नाची बोलणी होती, तेव्हा आम्ही तिला पहिल्यांदा न्यायला निघालो. मागचा मोठा पलंग तिला दिला, कारण तो सगळ्यांत मऊ. जामसरहून निघालो तेव्हा ती उठून बसली होती. मोखाडा गेलं, खोडाळा आलं, आय गप्पा मारत होती. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग घाटाआधीचा फाटा आला. तिथे नेहमीप्रमाणे बायका हंडे-कळश्या घेऊन उभ्या होत्या.

हे सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्या वरच्या पाड्यांवर पाणी नसतं. विहिरीच्या तळाला वाटीने पाणी भरायचं आणि पाळीपाळीने हंडा पुरा करायचा, असं चालतं. घरगाडीला मोठी टाकी आहे. जव्हारहून निघताना आम्ही ती बोअरच्या पाण्याने गच्च भरतो. ती बायकांना माहीत, आणि भरली टाकी घेऊन तहानलेल्या पाड्यावरून पुढे जायचं नसतं हे आम्हाला माहीत. कुणी कुणाला सांगत नाही. गाडी थांबते, मी मागचा नळ उघडते, हंडे भरतात. निम्मी टाकी फाट्याच्या पाड्याला, निम्मी वर मावशीच्या पाड्याला. इतकं साधं गणित.

त्या दिवशीही आय खिडकीतून ओरडली, "पोरी, त्या म्हातारीची कळशी पहिली भर गं, तिला उभं राहवत नाय!" मग आम्ही घाटाला लागलो, आय पलंगावर आडवी झाली, आणि तिसऱ्या वळणावर आयने माझा दंड धरला. तोंड पांढरं पडलं होतं. पाचव्या वळणावर सगळं बाहेर आलं. रस्त्याकडेला सावलीत बसवलं, तोंड धुतलं, लिंबू दिलं. मावशीचं घर वर डोंगरावर, जवळजवळ दिसण्याइतकं जवळ. आय तिकडे बघून म्हणाली, "मना परत ने. घरसुद्धा लागला मना."

परतीच्या वाटेवर नवरा प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवत होता. तो व्हॅनिटी चालवायचा तेव्हा चालत्या गाडीत नट्या काजळ घालायच्या आणि रेघ हलायची नाही, ही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे. आणि सासू त्याच्याच गाडीत ओकली. म्हणून मेस्तरी. म्हणून शॉकप.

"आय पुन्हा बसणार नाही," तो म्हणाला. "एकदाच बसेल, आपण सांगितलं तर. तेव्हा जर पुन्हा झालं तर संपलं."

"आणि भारीतले घालून पण झालं तर?"

"तू ना, बी.एस्सी. बाई, शंकाच काढ. छप्पर गळलं तर पाहुणा दुसरीकडे सरकून झोपेल. तुझी आय कुठे सरकणार?"

मी म्हटलं, "मागव. पण त्याआधी एकदा मला आयच्या जागी झोपव. मी बघते तिला काय लागलं ते."

तसे आम्ही निघालो. नेहमीसारखी टाकी भरली, मावशीकडे द्यायला तांदूळ घेतले, आणि मी मागच्या पलंगावर आयसारखी आडवी झाले. मोखाड्यापर्यंत इतकं छान वाटत होतं की मला डुलकी लागायला लागली. खड्डे आले, ते आले तसे गेले. उतारावरची वळणं आली. गाडी कलली, सरळ झाली. नवरा पुढून ओरडायचा, "लागलं?"

"नाही!"

"आता?"

"अरे नाही लागलं! तू चालव!"

"आज रस्ता बरा आहे," तो कुरकुरला. माझी तब्येत बरी असल्याचं इतकं वाईट त्याला आधी कधी वाटलं नसेल.

फाट्यावर थांबलो. हंडे भरले. एक बाई हसून म्हणाली, "घरगाडीवाली आज निजून आली, पाव्हणी झाली!" मग मी पुन्हा जाऊन आडवी झाले आणि घाट सुरू झाला.

पहिलंच वळण. गाडी कलली, सरळ झाली, आणि त्यानंतर, सगळं झाल्यावर, पलंगाखालून मला कुणीतरी ढकललं. जणू पलंगाखाली आणखी एक माणूस झोपलेला होता आणि त्याने उशिराने कूस बदलली. दुसरं वळण. गाडी वळली, आणि मागून पुन्हा तो माणूस वळला. त्याच्याबरोबर खोलवर आवाज, डुबुक. पोटात ढवळलं. पण पोटाआधी माझ्या मानेला काहीतरी कळलं. मान आपोआप ताठ झाली, उजवा हात वर डोक्याकडे गेला. झोपल्या झोपल्या मी हंडा सावरत होते.

"थांबव!" मी ओरडले. "गाडी थांबव!"

नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि पिशवी घेऊन धावत आला. "ओकारी आली ना? आली ना?" त्याच्या आवाजात आनंद होता, तो त्याने कितीही नाकारला तरी.

"ओकारी नाही. हंडा आला."

"काय?"

"अर्धा हंडा."

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मावशीकडे राहायचे. तिथे पोरगी दिसली की डोक्यावर हंडा. मी हुशारी करायला गेले, हंडा अर्धाच भरला, म्हटलं हलका होईल. विहिरीपासून घरापर्यंतच्या पायवाटेवर त्या अर्ध्या हंड्याने मला नाचवलं. मी डावीकडे पाऊल टाकलं की पाणी उजवीकडे जाऊन आपटायचं, मी उजवीकडे सावरलं की ते डावीकडे. घरी पोचले तोवर मान आखडली होती, परकर ओला होता आणि हंड्यात घोटभर पाणी. मावशी दारातच म्हणाली, "आनायचा तर तोंडोतोंड आन, नायतर मोकळा हात हलवत ये. अर्धा हंडा बाईला आपल्या चालीने नेतो." भरलेला हंडा जड असतो, पण तो गप्प बसतो. ज्या बायकांना हंडा पुरा भरायला मिळायचा नाही त्या वर पळसाची पानं टाकायच्या, पाणी जरा दमाने हलावं म्हणून.

आमच्या टाकीला ना पळसाची पानं, ना काही. निम्मं पाणी मोकळ्या टाकीत, तेही अगदी मागच्या टोकाला, पलंगाच्या खालीच. गाडी वळली की ते उशिराने वळणार, आणि भिंतीवर जाऊन आपटणार. पावसाळ्यात, थंडीत कुणाला पाणी लागत नाही, म्हणून टाकी भरलेली वर जाते आणि मुक्कामानंतर रिकामी खाली येते. उन्हाळ्यातच ती अर्धी होते. आणि अर्धी होते ती बरोबर घाटाच्या तोंडाशी, कारण फाटा तिथे आहे आणि आम्ही आम्हीच आहोत.

नवऱ्याने ऐकून घेतलं. मग गाडीमागे गेला, टाकीवर थाप मारली, आतला आवाज ऐकला. "म्हणजे आयला," तो हळूच म्हणाला, "तिनेच भरायला लावलेल्या कळश्यांनी ओकवलं."

आम्ही दोघंही हसलो. मग दोघांनीही खाली फाट्याकडे बघितलं, कारण त्याच्या डोक्यात जे आलं तेच माझ्याही आलं होतं.

"पाणी द्यायचं बंद करायचं का मग?" त्याने विचारलं. विचारलं म्हणजे काय, रस्त्याकडे बघत बोलला.

"तू करशील?"

"मी गाडी पुढे नेईन पण मान वर करून नेता येणार नाही."

"मग झालं."

त्याच चालीने हळूहळू वर गेलो. मावशी अंगणात कुडाची भिंत शेणाने लिंपत होती, लग्नाची तयारी. मला बघून तिने गाडीच्या दाराकडे बघितलं, आणखी कुणी उतरतंय का म्हणून. कुणी उतरलं नाही. तिने हात धुतले, पाणी द्यायला उठली. पाणी आम्ही आणलेलं, आणि तांब्या भरून ती ते आधी आम्हालाच देत होती. नंतर म्हणाली, "हळद दळून ठेवली हाय. तुझ्या आयला सांग, तिचा हात नसंल तर पोरीला लागल दुसऱ्या कुणाचा. पन ती रुसल. पोरगी नाय, हळद रुसल."

बाकीचं पाणी तिथे ओतून आम्ही रिकाम्या टाकीने खाली उतरलो. मी पुन्हा पलंगावर. गाडी खडखडली, भांडी वाजली, पण पलंगाखालचा माणूस नव्हता.

जव्हारला परत मेस्तरीकडे. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टँकरमध्ये आत पत्र्याचे आडवे पडदे असतात, पाणी फिरू नये म्हणून. तुमच्या टाकीत नसतील." मग आशेने, "तरी शॉकप घातलेले बरे."

या वेळी तो उड्या न मारता नीट खाली झोपून बघून आला. मागच्या डाव्या शॉकपवर तेलाचा ओघळ होता, धूळ बसून काळा झालेला. तो खरोखरच गेला होता. मी मान्य केलं. बदलायचा तर जोडीने बदलावा लागतो, नाहीतर गाडी एका बाजूला शहाणी आणि एका बाजूला वेडी चालते, हेही मान्य केलं. "मागचे दोन घाला," मी म्हटलं, "होते तसलेच. साधे."

"ताई, मख्खन सोडून चटणी घेताय."

"आम्ही चटणी खाऊनच मोठे झालो."

नवऱ्याने नाशिकच्या त्या जाड दांड्यांचा फोटो मोबाईलमध्ये एकदा शेवटचा मोठा करून बघितला. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, खोटं का बोलू. पण टाकीचं डोकं त्याचंच चाललं. त्याने ती एकच मोठी टाकी काढली आणि तिच्या जागी तीन लहान टाक्या एका ओळीत बसवल्या, प्रत्येकीला स्वतःचा नळ. "एक टाकी फाट्याची," तो म्हणाला. "ती पार कोरडी होईपर्यंत चालू ठेवायची. उरलेल्या दोन तोंडोतोंड, त्यांना वर पोचेपर्यंत हात लावायचा नाही. तुझ्या मावशीचा कायदा." आणि आयची जागा बदलली. मागचा पलंग मऊ आहे, पण तो चाकांच्या मागे लटकतो, खड्ड्याला तो सगळ्यांत जास्त उडतो. पाहुण्याला सगळ्यांत मऊ जागा द्यायची सवय, म्हणून आम्ही आयला सगळ्यांत हलणारी जागा दिली होती. आता तिच्यासाठी मधल्या बाकावर गोधडी टाकली, तोंड पुढच्या काचेकडे.

नाशिकचे शॉकप न घेता वाचलेल्या पैशात छप्परही झालं, लग्नाच्या आधीच. पण ते जाऊ द्या.

आयला पुन्हा बसवायचं काम माझं. तिने ओसरीवर बसून ऐकून घेतलं, टाक्या, पाणी, वळण, सगळं. मग म्हणाली, "तुना शाळेत हाच शिकवला?"

"हे मावशीने शिकवलं."

"मंग खरा असंल," आय म्हणाली, आणि कापडं भरायला उठली.

हळदीच्या दिवशी सकाळी निघालो. आयच्या एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी, कमरेला खोवलेलं लिंबू. बाकावर बसताच तिने डोळे गच्च मिटले. "घाट आला की सांग," ती म्हणाली. "चिंच तवाच तोंडात टाकंन. आधीपासून टाकली तर तोंड आंबतं."

"गाडी अजून सुरू नाही झाली, आय," नवरा म्हणाला.

"तू तुझा बघ, जावया."

पण डोळे मिटून गप्प बसणं तिला जमत नाही. मोखाड्याच्या आधीच तिने डोळे उघडले, कुणाच्या शेतात पेरणीआधीचा राब भाजलाय आणि कुणाच्या नाही ते बघायला. खोडाळ्याला तिने लग्नातल्या भातात मीठ कोण टाकणार यावर मला बजावून ठेवलं. फाट्यावर गाडी थांबली तशी तीच आधी दारात. "त्या म्हातारीची कळशी कुठं हाय?" म्हातारी होती, सावलीत. तिची कळशी पहिली भरली. मग बाकीचे हंडे. पहिली टाकी घरघरली, नळाने दोन-चार उचक्या दिल्या आणि कोरडी झाली. एक कळशी अर्धी राहिली होती. त्या बाईने दुसऱ्या नळाकडे बघितलं. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने स्वतःची प्यायची बाटली आणून त्या कळशीत ओतली. तरी ती पुरी भरली नाही. बाई म्हणाली, "राहू दे दादा, पानं टाकते," आणि बाजूच्या पळसाची दोन पानं तोडली.

घाट लागला. आय मागे वळून मला सांगत होती की मावशी लहानपणी हळद खायची, चोरून, म्हणून तिच्या पोरी गोऱ्या झाल्या. पहिलं वळण गेलं. मी पोटावर हात ठेवून वाट बघत होते, आयच्या पोटाची. तिसरं गेलं. नवऱ्याने आरशातून बघितलं, मी मान हलवली. पाचवं वळण, जिथे तिला सावलीत बसवलं होतं, तेही गेलं. आय मावशीच्या पहिल्या नवरदेवापाशी पोचली होती, ज्याला मावशीने नाकारलं होतं कारण त्याला झाडावर चढता येत नव्हतं. तो माणूस आता सरपंच आहे असं सांगून ती हसत सुटली. मी पण हसत होते.

गाडी थांबली.

"काय झाला?" आय दचकली. "बिघडली?"

"नाही आय, आलो."

"कुठं?"

"सूर्यमाळ."

तिने काचेतून बघितलं. मोहाचं झाड, मांडव, मांडवाखाली बायका. "आनि घाट?"

"घाट गेला."

"मना न सांगता?" ती खरोखर रागावली. "मी सांगितला हुता ना, घाट आला की सांग म्हनून! चिंच हातातच राहिली!"

मावशी धावत आली होती. दारातच दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, एक वर पायरीवर, एक खाली. रडतील असं मला वाटलं. मावशीने आधी आयच्या तोंडाकडे नीट बघितलं, मग पदराकडे. "ओकली नायस?"

"मी कशाला ओकू?" आय म्हणाली, आणि चिंचेचा गोळा तिच्या हातात ठेवला. "घे. तुझ्यासाठी आनली."

मग मांडवातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "जावयाने माझ्यासाठी गाडीला नवीन शॉकप घातलं. नाशिकचं. मख्खन."

हा शब्द तिने कुठे ऐकला होता देव जाणे. बायका कौतुकाने माझ्या नवऱ्याकडे बघू लागल्या. तो एकदम वाकून पुढच्या टायरची हवा बघायला लागला. टायरात हवा बरोबर होती. मला वाटलं तो आता तरी म्हणेल, नाही हो, साधेच आहेत, खरी गंमत टाकीची. त्याने टायरला हलकेच एक थाप मारली आणि मान हलवली, जणू घाटाचं सगळं श्रेय खाली तिथेच दडलेलं होतं.

मी बी.एस्सी. असूनही तोंड बंद ठेवलं. आयला हळदीकडे नेलं, तिचे हात धुवायला दिले. मग गाडीमागे आले, मावशीचे हंडे नळाखाली लावले, दुसरी टाकी उघडली आणि ती पार कोरडी होईपर्यंत तिथून हलले नाही.